टेसरॅक्टला बटणांची खिडकी कशी जोडावी?

प्रश्न (फोंडा): वाचनालयातील जुन्या मराठी अंकांची पाने टेसरॅक्टने (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने) मजकुरात उतरवणारी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलवर चालणाऱ्या आज्ञांची फाइल) मी लिहिली आहे, परंतु ग्रंथपालबाईंना टर्मिनलवर आज्ञा टंकणे अवघड जाते. मूळ स्क्रिप्ट न बदलता तिला बटणे देता येतील का?

उत्तर (म्हापसा): येतील. झेनिटी ही स्क्रिप्टमधून खिडक्या दाखवणारी आज्ञा फाइल निवडण्याची खिडकी उघडते आणि निवडलेल्या फाइलचा मार्ग (पत्ता) आउटपुटवर छापते, तो आपल्या स्क्रिप्टला द्यावा.

उत्तर (मडगाव): बटणे अनेक असतील तर पायथन भाषेचे टीकेइंटर (खिडक्या व बटणे बनवण्याचे साधन) मला अधिक योग्य वाटते, कारण त्यामागील टीके हे जॉन औस्टरहाउट यांनी टिकल भाषेसाठी घडवलेले जुने, भरवशाचे साधन आहे. मात्र पायथनमधून बाहेरची स्क्रिप्ट चालवणाऱ्या सबप्रोसेसला आज्ञा एका ओळीत न देता यादी म्हणून द्यावी, अन्यथा नावात मोकळी जागा असलेली फाइल अडते.

प्रश्नकर्ता: आमच्या बहुतेक फाइलींची नावे तशीच आहेत, आभारी आहे.