सोलापूरच्या छोट्या कारखानदारानं आपला नमुना लष्कराच्या चाचणीला द्यावा का?

यंत्रमागवाला (धागा सुरू करणारा)

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना आहे. पुतण्या टेक्स्टाइल इंजिनिअर. गेलं वर्षभर तो एकाच गोष्टीच्या मागं लागलाय: ड्रोनच्या बॅटरीला घालायचं विणलेलं गरम कव्हर. लिथियम बॅटरी थंडीत मंदावते. आत वीज असूनही देत नाही, आणि लडाखसारख्या ठिकाणी ड्रोन ठरल्या वेळेच्या आधीच खाली घ्यावा लागतो. पुतण्यानं दुहेरी कापड विणलं आणि मधल्या थरात बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यांबरोबर, तापणारी बारीक तार भरली. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन तास ठेवून बघितलं. बाहेर काढली तेव्हा बॅटरी हाताला कोमट लागत होती.

आता घरात दोन तट पडलेत. थोरले बंधू म्हणतात, हा आपला धंदा नव्हे. माझं म्हणणं, नमुना द्यायचाच.

कारण सांगतो. पूर्वी लष्कराशी व्यवहार म्हणजे मोठं टेंडर, आणि तिथं आमच्यासारख्याला कोणी उभं करत नव्हतं. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आयडेक्स सुरू केलं. त्यात तिन्ही दलं आपल्या अडचणी जाहीर करतात आणि स्टार्टअप, लघुउद्योग, एकटा माणूससुद्धा उत्तर घेऊन जाऊ शकतो. ओपन चॅलेंजमध्ये तर अडचणही आपण मांडायची, उपायही आपला. निवड झाली तर नमुना तयार करायला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत, आणि २०२४ मध्ये आलेल्या अदिती योजनेत अवघड तंत्रज्ञानाला २५ कोटींपर्यंत.

सोलापूर गणवेश शिवतंय, चांगले शिवतंय. पण त्यात डिझाइन दुसऱ्याचं असतं. जानेवारी २०२२ मध्ये लष्कराचा नवा लढाऊ गणवेश आला, तो निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं आखलेला. तसलं कापड मिळालं तरी आम्ही फक्त दर पाडायचा. हे कव्हर आमच्या मागावर सुचलेलं आहे. एवढाच फरक आहे, पण माझ्यासाठी तो फार मोठा आहे.

चिंचोळीचा लेथ

मालक, तुमच्या पुतण्याचं मनापासून कौतुक. तरीही माझं मत ठाम विरोधात आहे, आणि ते भोगून झालेलं आहे.

माझं चिंचोळी एमआयडीसीत सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनचं, छोटं युनिट आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीनं लष्कराच्या चाचणीसाठी एक माउंटिंग आमच्याकडून करून घेतलं. लष्करी खरेदीत बहुतेक चाचण्या 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' या तत्त्वावर होतात. म्हणजे उपकरण तुम्ही न्यायचं, माणसं तुम्ही न्यायची, मोडलं तर तुम्ही दुरुस्त करायचं. सरकार खर्च देत नाही आणि घेऊच असा शब्दही देत नाही. मोठ्या कंपनीनं तो सगळा भार आमच्यासारख्यांवर ढकलला: आधी माल द्या, ऑर्डर आल्यावर बघू. वाळवंटातली चाचणी उन्हाळ्यातच घेतात. आमच्या वेळी काहीतरी कागद अडला आणि उन्हाळा निघून गेला. मग थेट पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची. मधल्या काळात बँकेचा हप्ता थांबत नाही. तीन पोरं कामावरून कमी करावी लागली. त्यातला एक आज पुण्यात डिलिव्हरी करतो, त्याचं तोंड आठवलं की अजून झोप येत नाही.

आयडेक्सचं अनुदान चांगलं आहे, पण तेही एकरकमी नाही. टप्प्याटप्प्यानं येतं, आणि जेवढं सरकार देतं तेवढा आपला हिस्सा घालावा लागतो. तो कुठून आणणार? शिवाय बॅटरीजवळचं उपकरण म्हटलं की जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाच्या चाचण्या येतात: कंप, धूळ, आर्द्रता, गारठा. फ्रीजरमधल्या दोन तासांना तिथं काही किंमत नाही.

नमुना आवडणं वेगळं आणि ऑर्डर निघणं वेगळं. मधल्या दरीत छोटा माणूस पडतो, आणि मोठ्यांना पत्ताही लागत नाही.

माजी सिग्नलवाला

२२ वर्षं लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात काढली, त्यातली दोन उंचावर. आता जुळे सोलापुरात असतो.

थंडीचं खरं आहे. आम्ही वायरलेसच्या बॅटऱ्या रात्री झोपताना अंगाशी घेऊन झोपायचो, लेकरासारख्या. त्यामुळे हे कव्हर लागतंच, याबद्दल मला शंका नाही.

पण यंत्रमागवाले, एक विचारतो. रात्री तुमचं गरम कव्हर थर्मल कॅमेऱ्यात कसं दिसेल? उणे वीसच्या बर्फात ठेवलेली कोमट वस्तू दुरून दिव्यासारखी चमकते. चार बॅटऱ्या ओळीनं तापत ठेवल्या तर समोरच्याला आमचा ठिकाणा आयता मिळाला. बाहेरचा थर उष्णता अडवणारा पाहिजे. दुसरं, कव्हर बांधायचा बंद वेल्क्रोचा नको. शांततेत तो उघडताना केवढा आवाज होतो! आणि जाड हातमोज्यातून उघडता आलं पाहिजे, मोजा काढला की बोटं जातात.

हे तुम्हाला कारखान्यात बसून कळणार नाही, आणि कागदावरच्या अटींमध्येही प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. म्हणून मी म्हणतो, द्या. पण पहिल्या दिवसापासून विकायला म्हणून नको. आधी वापरणाऱ्याला वापरू द्या, मोडू द्या, तक्रार करू द्या. लेथवाले भाऊ म्हणतात तसं दिवाळं निघणार असेल तर मात्र तो दोष चाचणीच्या पद्धतीचा आहे. छोट्याच्या चाचणीचा खर्च सरकारनंच सोसला पाहिजे, हे मीही म्हणेन.

पूर्वभाग

माझा विरोध पैशासाठी नाही.

या शहरानं लष्करी अंमल भोगलाय. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. तेव्हा सरकार परकं होतं, आजचं आपलं आहे, हे मला कळतं. पण सीमेवर चाचणीला दिलेलं यंत्र पुढं कुठं वापरलं जाईल, हे विणणाऱ्याला कोण सांगणार? आज ड्रोन चौकी बघतो, उद्या मोर्चावर घिरट्या घालेल.

आणि दुसरं, आमच्या भागात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. हुशार पोरांनी पाण्याच्या गळतीवर डोकं चालवलं तर त्यांना दीड कोटी कोण देतं? पैसा जिकडं असतो तिकडंच बुद्धी वळते, याचं मला दुःख आहे.

यंत्रमागवाला

पूर्वभागच्या ताई की दादा माहीत नाही, पण तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचेच. १९३८ मध्ये युद्धभूमीवर गेले ते जखमींना वाचवायला. हेच कव्हर औषधं पोचवणाऱ्या ड्रोनला लागेल, असं उत्तर मी लिहिलं होतं, मग खोडलं. ते अर्धंच खरं आहे. बॉम्ब टाकणाऱ्या ड्रोनलाही ते लागेल, आणि एकदा दिल्यावर ते माझ्या हातात राहणार नाही. एवढं मान्य करून मी देणार आहे, कारण तिथं गारठ्यात उभी असलेली पोरंही आपल्याच गावांतली आहेत. पाण्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तुमचंच बरोबर.

थर्मल कॅमेऱ्याचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काका, वर्षभराच्या कामात आम्हाला जे सुचलं नाही ते तुम्ही एका रात्रीत सांगितलंत.

कॉलेज लॅब

एक महत्त्वाचं राहिलं. तार आणि तापमान राखणारा कंट्रोलर कुठून आणलाय? फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी सुटे भाग निघाले म्हणून लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. तुमचं कापड कितीही देशी असलं तरी आतली चिप बघितली जाणार.

आणि कुणालाही नमुना दाखवण्याआधी प्रोव्हिजनल पेटंट अर्ज करा. पूर्ण अर्ज भरायला त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी जगजाहीर केलं तर नवेपणाचा हक्कच जातो. इथंसुद्धा विणीबद्दल याहून जास्त लिहू नका.

यंत्रमागवाला

तार आपल्याकडची आहे. कंट्रोलर चिनी आहे, ऑनलाइन मागवला होता. बदलावा लागणार.

चिंचोळीचा लेथ

माझं मत अजून तेच आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण खरेदीची नवी नियमावली लागू झाली, त्यात विकासाच्या टप्प्यात उशीर झाला तर दंड नाही. ही सवलत योग्यच आहे. पण दंड न घेणं म्हणजे खर्च देणं नव्हे, आणि आमची पोरं कामावरून गेली ती खर्चापायी, दंडापायी नाही.

तुम्ही जाणारच असाल तर दोन गोष्टी करा. माग गहाण टाकून जाऊ नका. आणि कुठल्या मोठ्या कंपनीच्या आडून जाऊ नका, स्वतःच्या नावानं अर्ज करा. नाहीतर कव्हर त्यांचं आणि कर्ज तुमचं. कंपाच्या चाचणीला पुण्याला जायच्या आधी बॅटरी बसवायची चौकट माझ्याकडे आणा. मशिनवर घासून-पुसून नीट करून देतो, पैसे नकोत.

माजी सिग्नलवाला

बंदाचं काय ठरलं?

यंत्रमागवाला

लाकडी गुंडी आणि मोठा फास, चादरीच्या पिशवीला लावतात तसा. पुतण्यानं काल स्कूटरचे हातमोजे घालून चाळीस वेळा उघडला. पेटंटचा अर्ज गेला की फोन करतो काका, तुम्ही डोळे मिटून उघडून बघा.