शब्दचर्चा : गुप्त, गोपनीय आणि निनावी

प्रश्न

आरोग्य सर्वेक्षणाच्या संमतिपत्राचे भाषांतर करताना मी ‘तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल’ असे वाक्य लिहिले होते. चाचणीदाखल ते वाचून दाखवले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘‘गुप्त म्हणता, आणि माझ्यासमोर लिहून तर घेताय की!’’ मला हा आक्षेप खोडता आला नाही. येथे ‘गोपनीय’ योग्य ठरेल की ‘निनावी’?

प्रतिसाद १

आजींनी नेमके बोट ठेवले आहे. ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ हे दोन्ही शब्द ‘गुप्’, म्हणजे राखणे, या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. मात्र ‘गुप्त’ म्हणजे झाकलेले, तर ‘गोपनीय’ म्हणजे राखायला हवे असे, कारण ‘वंदनीय’, ‘पूजनीय’ यांतला ‘अनीय’ प्रत्यय तेथे कर्तव्य सुचवतो. गुप्तधनाचा ठावठिकाणा लोकांना ठाऊक नसतो. सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल मात्र एका साहेबाने लिहिलेला आणि दुसऱ्याने वाचलेला असतो. (२००८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो खुद्द कर्मचाऱ्यालाही कळवावा लागतो, तरी बोलण्यात त्याचे नाव ‘गोपनीय अहवाल’च राहिले आहे.) सर्वेक्षणातली माहिती या दुसऱ्या, म्हणजे ‘गोपनीय’ प्रकारची आहे.

‘निनावी’ जपून वापरावा. २००५-०६च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्याचे काम मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होते, एचआयव्ही चाचणीसाठी बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर टिपले जात आणि त्यावर नावाऐवजी बारकोड असे. चाचणीचा निकाल त्या व्यक्तीलाही सांगता येत नसे. ज्याला तो हवा असेल त्याला सरकारी तपासणी केंद्राची वाट दाखवली जाई. याला निनावी म्हणावे. परंतु ज्या अभ्यासात क्रमांकासमोर नाव लिहिलेली वही कुणाच्या तरी कपाटात आहे, तेथे माहिती गोपनीय असेल, निनावी नव्हे.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती पटली, तरी कायद्याच्या अंगाने एक भर घालावीशी वाटते. ‘गोपनीय’ हे विशेषण लावल्याने संरक्षण मिळत नाही. ते कोणत्या कायद्याने, किती आणि कोणापासून मिळते हे पाहावे लागते. जनगणना अधिनियम, १९४८च्या कलम १५नुसार प्रगणकाने केलेल्या नोंदी तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि, त्याच कायद्याखालच्या गुन्ह्यांचा अपवाद सोडला, तर त्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आरोग्यविषयक प्रत्येक अभ्यासाला एवढी भक्कम भिंत लाभत नाही. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्सविषयक २०१७चा अधिनियम घ्या: कलम ८ अन्वये कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही, परंतु न्यायालयाने न्यायहितासाठी तसा आदेश दिला, तर ती उघड करावी लागते. म्हणून संमतिपत्रात ‘कोणालाही, कधीही सांगणार नाही’ असे लिहिणे म्हणजे आपल्या हातात नसलेले वचन देणे होय.

आणखी एक घोटाळा वर्तमानपत्रांनी केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७च्या निकालात मूलभूत ठरवलेला हक्क (इंग्रजीत ‘राइट टू प्रायव्हसी’) काहींनी ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणून छापला, काहींनी ‘खासगीपणाचा’. माझ्या मते दुसरा शब्द बरोबर आहे. खासगीपणा आजींचा आहे, आणि त्यांनी उत्तर न देण्यातही तो आहे. गोपनीयतेचे बंधन मात्र उत्तर लिहून घेणाऱ्यावर येते, तेही उत्तर मिळाल्यानंतर.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘तुमचे नाव आणि तुमची उत्तरे गोपनीय राहतील, म्हणजे न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज ती तुमच्या संमतीशिवाय अभ्यासगटाबाहेर कोणालाही सांगितली जाणार नाहीत.’ हे आजींना पुन्हा वाचून दाखवले. त्यांनी विचारले, ‘‘अभ्यासगट म्हणजे कोण कोण? आमच्या गावची आशाताई त्यात आहे का?’’ आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, त्यात नाही, हे आता त्याच ओळीखाली वेगळे लिहिले आहे.