उघड्या विटांच्या भिंतीला रंग द्यायची सक्ती नगरपरिषद करू शकते का?

तापीकाठ:
आमचा वाडा जुन्या पेठेत आहे, पणजोबांनी बांधलेला. दर्शनी भिंत उघड्या विटांची. आजच्यापेक्षा पातळ विटा, चुन्यातलं बांधकाम, गिलावा कधीच केला नाही. मागच्या आठवड्यात नगरपरिषदेचे दोघं येऊन गेले. पेठेचं सुशोभीकरण आहे, सगळ्या घरांना एकच पिवळा रंग हवा, पोळ्याआधी करून घ्या म्हणाले. कागद काही दिला नाही. आई म्हणते, देऊन टाक, भांडण नको. पण शेजारच्या काकूंनी तीन वर्षांपूर्वी ऑइलपेंट दिला, आज तिथे कंबरेपर्यंत पापुद्रे सुटलेत आणि ओट्यावर रोज विटेचा लाल भुगा पडतो. माझी भिंत तशी झालेली मला बघवणार नाही. नियम काय आहे?

केळीबाग:
भाऊ, चांगल्या कंपनीचा वॉटरप्रूफ द्या. पाच-सात वर्षं बघायला नको.

गिलावा_नको:
वॉटरप्रूफ तर मुळीच नको. आमच्या चोपड्याच्या घरी मी ते भोगलंय. जुनी वीट पायातून ओल ओढते आणि पृष्ठभागातून ती सोडून देते. वर प्लास्टिकसारखा थर बसला की ओल आत कोंडते, खार थराच्या मागे साचतो आणि विटेचा चेहराच ढकलून पाडतो. आम्ही नंतर सिमेंटने दरजा (विटांमधल्या फटी) भरल्या, ती दुसरी चूक. सिमेंट विटेपेक्षा कडक, म्हणून दरजा शाबूत राहिल्या आणि विटा झिजल्या. दरजा चुन्यानेच भरा.

आता नियम. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ४३ काढून वाचा. बाहेरचं रूप ठळकपणे बदलत नसेल अशा देखभालीला परवानगी लागत नाही, एवढंच ते सांगतं. अमुक रंग द्याच, असा हुकूम त्यात नाही. इमारत धोकादायक असेल तर नगरपरिषद दुरुस्तीची नोटीस काढू शकते, पण ती लेखी असते.

वारसा यादीतल्या इमारतींचं मात्र उलट असतं. मुंबईत १९९५ च्या नियमावलीत नियम ६७ होता, त्यात यादीतल्या इमारतीला रंग द्यायचा तरी आधी परवानगी लागायची. जयपूरच्या परकोटात रंगाचं बंधन आहे, तेही लिहिलेल्या नियमाने. म्हणून तुमच्या गावात अशी यादी आहे का, पेठ तिच्यात येते का, हे आधी विचारा. चांगदेवच्या मंदिरासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक १०० मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते, तेही बघून घ्या.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या: कोणत्या ठरावाने, कोणत्या नियमाखाली? आवक-जावकमध्ये शिक्का मारून पोच घ्याच. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवस.

आणि ठराव खरंच निघाला, तर चुन्याची सफेदी मागा. चुन्यात पिवळी माती कालवली की त्यांचा पिवळा रंग मिळतो आणि भिंत श्वास घेते. दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल, ते मान्य करा.

तापीकाठ:
पोच घेतली. ठराव विचारल्यावर बांधकाम विभागातले साहेब म्हणाले, बघून सांगतो. आईला सफेदी पटली, तिच्या माहेरी दिवाळीला तीच व्हायची. शेजारच्या काकूंना एकानं सांगितलंय की मशिनने वाळूचा मारा करून ऑइलपेंट काढून देतो. चालेल का?

गिलावा_नको:
काकूंना आजच थांबवा! वाळूच्या माऱ्याने रंगाबरोबर विटेची भाजलेली कडक साल जाते आणि आतला मऊ भाग उघडा पडतो, मग दर पावसाळ्यात भिंत झडत राहते. सुटलेले पापुद्रे लाकडी पट्टीने हलकेच काढा, खार कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारू नका. उरलेला रंग राहू द्या. आधी ओट्यावर भिंतीला टेकून सिमेंट केलं असेल तर ते फोडून पायाशी हवा लागू द्या, भुगा कमी होतो का ते एक पावसाळा बघा.