कामवाल्या मावशींचा नवा मोबाईल आणि आपली पोटदुखी

घोडबंदरवाला:
परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावशी भेटल्या, हातात नवा कोरा मोबाईल, स्क्रीनवरचं प्लास्टिकपण काढलेलं नाही अजून. त्या सातव्यावर उतरल्या आणि दार बंद होतंय न होतंय तोच शेजारचे काका, "बघा, आपल्या टॅक्सवर मजा चाललीय." आता हेच काका गेली कित्येक वर्षं गृहकर्जाच्या व्याजाची २ लाखांची वजावट घेतायत, त्याला कोणी फुकट म्हणत नाही. मला वाटतं आपल्याला मिळतं ते सीएच्या फाईलीत राहतं आणि मावशींना लाडकी बहीण योजनेचं मिळतं ते लिफ्टमध्ये दिसतं, एवढाच फरक. पटत नसेल तर बोला.

कळवा_स्लो_लोकल:
नाही पटत. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००, वर इन्कम टॅक्स, आणि मी कळव्याला दारात एक पाय ठेवून लटकतोय. लाडकी बहीणचे १५०० जुलै २०२४ पासून आणि निवडणूक नोव्हेंबरात, सगळ्यांना कळतं हो. नंतर निघालं की पुरुषांनी पण पैसे उचलले, सरकारी नोकरीतल्या बायकांनी पण. मग राग नाही येणार तर काय आरती ओवाळू?

तुर्भेकर:
+१. माझे बाबा माथाडी, आधी मशीद बंदरला, मग घाऊक मार्केट इकडे नवी मुंबईत आल्यावर एपीएमसीत. मानेवर गोणीचा घट्टा अजून आहे. कधी कुणापुढे हात पसरला नाही.

वाशीवाली:
बाबांना नमस्कार, कष्ट खरेच. पण १९६९ चा माथाडी कायदा विसरू नका ना. त्याच्या आधी मुकादम देईल ती मजुरी, गोणी अंगावर पडली तर तुझं तू बघ. माथाडी बोर्ड आलं म्हणून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस मिळायला लागला. मागून, भांडून, सरकारकडूनच घेतलं की ते.
आणि कळवा, तो व्यवसाय कर १९७५ ला लागला तो रोजगार हमीसाठी, ७२ च्या दुष्काळानंतर. शहरातल्या पगारातून कापून गावच्या मजुराला काम द्यायचं असंच ठरलं होतं. तेव्हा एवढी बोंब नसावी, की असेल, माहीत नाही, मी जन्मले नव्हते :)

तुर्भेकर:
हमीवर खडी फोडायला लागायची ताई. काम केलं तर पैसे. माथाडीचं पण तेच, घामाचे पैसे. इथे घरबसल्या खात्यात येतायत.

लोकमान्य_नगर:
घरबसल्या!! माझी आई चार घरी धुणीभांडी करते, सकाळी सहाची टीएमटी पकडते, तिला वाचून दाखवते हे. १५०० सुरू झाले त्या दिवाळीला तिने पगार वाढवून मागितला, दोन वर्षं वाढला नव्हता, मागितले फक्त २०० जास्त. एका घरी उत्तर मिळालं, "आता तुला सरकार देतंय ना?" दुसऱ्या घरी पण तेच. तिसरीकडे तिने विचारलंच नाही. मग ते १५०० नक्की कोणाच्या खिशात गेले सांगा. आणि दिवाळीला बोनस म्हणून काय दिलं तर जुना कुर्ता, बटण तुटलेला.

कळवा_स्लो_लोकल:
हे चूक आहे, शंभर टक्के चूक. पण मी म्हणतो ते हेच ना, रोख दिली की कुणीतरी मधल्यामध्ये गिळणारच. त्यापेक्षा म्युनिसिपालिटीची शाळा नीट करा, दवाखान्यात औषध ठेवा, माझ्या पगारातून अजून कापा, चालेल.

वाशीवाली:
"अजून कापा" चा स्क्रीनशॉट घेतलाय.

लोकमान्य_नगर:
शाळा पाहिजेच. पण गॅस संपतो तो महिन्याच्या वीस तारखेला, तेव्हा शाळा काय करणार.

घोडबंदरवाला:
आज मावशींना सरळ विचारलं. मोबाईल मुलीने घेऊन दिला, बारा हप्ते. जुन्यावर ओटीपी यायचा पण लाडकी बहीणच्या केवायसीचं पान काही केल्या उघडत नव्हतं, सायबर कॅफेवाला दरवेळी पन्नास रुपये घ्यायचा. लिफ्टमध्ये काकांना मुद्दाम सांगितलं हे सगळं.
काका म्हणाले, "हप्त्यावर? बघा, तरीच वर येत नाहीत ही माणसं."