शब्दचर्चा : ‘प्रीमा दिविझिओने’ला ‘प्रथम विभाग’ म्हणावे का?

अनुलेखक : दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इटालियन फुटबॉलच्या खालच्या श्रेणींचे तक्ते मराठीत आणायचे आहेत, मुख्यतः १९२९-३० आणि १९३५-३६ या हंगामांचे. प्रीमा दिविझिओनेला ‘प्रथम विभाग’, सेरियेला ‘मालिका’, जिरोनेला ‘गट’ आणि रिपोझोला ‘पुढे चाल’ असे शब्द तूर्त योजले आहेत. स्पारेज्जो आणि ‘आ ताव्होलीनो’ यांना शब्द सुचत नाही. यात काय खटकते?

मधली फळी : ‘प्रथम विभाग’ ताबडतोब काढा. अर्थ शब्दशः बरोबर आहे, पण वाचकाची हमखास फसगत होईल. १९२२ ते १९२६ या काळात प्रीमा दिविझिओने ही खरोखरच सर्वांत वरची श्रेणी होती. ऑगस्ट १९२६मध्ये इटालियन फुटबॉलची नवी रचना ठरवणारी व्हियारेज्जोची सनद आली, वर ‘दिविझिओने नात्सिओनाले’ (राष्ट्रीय विभाग) बसली आणि प्रीमा दुसऱ्या स्तरावर गेली. १९२९मध्ये त्या राष्ट्रीय विभागाचे सेरिये आ आणि सेरिये बी असे दोन मजले झाले, तशी प्रीमा तिसरी ठरली. १९३५मध्ये सेरिये ची (लिहिताना रोमन अक्षर ‘C’, उच्चार ‘ची’) सुरू झाली आणि प्रीमा चौथ्या स्तरावर, प्रादेशिक स्पर्धा म्हणून उरली. नाव तेच राहिले आणि तेरा वर्षांत पहिल्यावरून चौथ्यावर आले. तेव्हा मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि शेजारी स्तर लिहा: ‘प्रीमा दिविझिओने, तिसरा स्तर, १९२९-३०’. हंगाम लिहिल्याशिवाय स्तर लिहूच नका.

शब्दकोडे : सहमत. ‘सेरिये’साठी ‘मालिका’ही नको. मराठी क्रीडापानावर मालिका म्हटले की दोन देशांमधली क्रिकेटची मालिका डोळ्यांपुढे येते. इथे सेरिये म्हणजे क्रमाने लावलेली रांग, अर्थाने ‘श्रेणी’. पण ते स्पर्धेचे विशेषनाम झाले आहे, म्हणून ‘सेरिये बी’ असेच लिहावे. वर्तमानपत्रांत ‘सिरी ए’ छापतात तो इंग्रजी उच्चार आहे.

मधली फळी : आता ‘जिरोने’. याला ‘गट’ म्हणायला हरकत नाही, पण निम्म्याच वेळा. ‘जिरोने आ’ म्हणजे अ गट. १९३५-३६च्या सेरिये चीमध्ये असे चार गट होते आणि गटविजेते व्हेनेत्सिया, क्रेमोनेझे, स्पेत्सिया आणि कातांझारो सेरिये बीमध्ये गेले. मात्र ‘जिरोने दि आंदाता’ आणि ‘जिरोने दि रितोर्नो’ दिसले तर तिथे गटाचा संबंध नाही. आंदाता म्हणजे हंगामाचा पहिला अर्धा भाग, ज्यात प्रत्येक संघ बाकी सगळ्यांशी एकेकदा खेळतो. रितोर्नोमध्ये तेच सामने मैदाने बदलून होतात. त्याला ‘परतीचा गट’ म्हटले तर वाचक नसलेला पाचवा गट शोधत बसेल. आपल्याकडे तयार शब्द आहे: साखळी. ‘पहिली साखळी’, ‘परतीची साखळी’ आणि संपूर्ण पद्धतीला ‘दुहेरी साखळी’.

गोलपोस्ट : ‘पुढे चाल’ इथे चुकीचे आहे, आणि हा बारकावा महत्त्वाचा आहे. पुढे चाल बाद फेरीत मिळते. न खेळता संघ पुढच्या फेरीत जातो. साखळीत संघांची संख्या विषम असेल, तर दर फेरीत एका संघाला प्रतिस्पर्धी उरत नाही. त्या दिवशी तो रिपोझो घेतो. गुण मिळत नाहीत, सामना मोजला जात नाही, पुढे जाण्याचा प्रश्नच नाही. ‘विश्रांती’ लिहा. खालच्या श्रेणींत हे वारंवार दिसते, कारण एखादा संघ हंगामाच्या मध्येच माघार घेतो आणि सम असलेला गट विषम होतो. माघारीची नोंद तळाशी ‘रितिराता’ अशी असते. हंगाम सुरू होण्याआधीच नकार दिलेल्या संघाला ‘रिनुन्चातारिया’ म्हणतात. दोघांना सरसकट ‘माघार’ म्हणू नका. पहिल्याला ‘मधून माघार’, दुसऱ्याला ‘सहभागास नकार’ म्हणा.

अनुलेखक : आणि ‘आ ताव्होलीनो’? काही निकालांपुढे ०-२ आणि हा शेरा आहे.

गोलपोस्ट : मैदानावर न लागता स्पर्धा-समितीच्या बैठकीत ठरलेला निकाल. संघ आलाच नाही, अपात्र खेळाडू उतरवला किंवा प्रेक्षकांच्या गोंधळाने सामना थांबला, तर दोषी संघ ०-२ने हरला असे धरत. ‘बहाल निकाल’ हा शब्द मला योग्य वाटतो. गैरहजर संघाचा वर एक गुणही कापत, म्हणून तक्त्याचा ताळा करून पाहाच. त्या काळी विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. म्हणजे प्रत्येक सामन्यातून एकूण दोनच गुण वाटले जात. अठरा संघांच्या दुहेरी साखळीत प्रत्येकी ३४ सामने, एकूण ३०६, म्हणजे गुणांची बेरीज ६१२ यायला हवी. ६११ आली तर बहुधा कुठे तरी गुणकपात आहे. तळटीप शोधा, आकडा आपल्या मनाने ‘दुरुस्त’ करू नका. केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांच्या बेरजा मात्र सारख्याच यायला हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर आधी आपली नक्कल तपासा.

शब्दकोडे : रकान्यांची आद्याक्षरेही सांभाळा. इटालियन तक्त्यात ‘पी’ म्हणजे पेर्से, हरलेले सामने; ‘एन’ म्हणजे नुल्ले, बरोबरीत सुटलेले. ‘पी’ला गुण समजून रकाने उलटे लागतात. गुणांसाठी बहुधा ‘पी-टी’ अशी जोडी असते.

स्पारेज्जोसाठी ‘निर्णायक सामना’ लिहावे. समान गुण झालेल्या संघांची बरोबरी फोडण्यासाठी, बहुतेक वेळा तटस्थ मैदानावर होणारा तो जादा सामना. ‘अंतिम सामना’ नको, कारण स्पारेज्जो खालच्या जागेसाठीही होतो. १९२९मधले लात्सिओ–नापोली हे चांगले उदाहरण. राष्ट्रीय विभागातल्या आपल्या गटात दोघे आठव्या जागेवर समान गुणांवर होते. मिलानमध्ये निर्णायक सामना झाला, तोही २-२ असा सुटला. शेवटी दोघांनाही नव्या सेरिये आमध्ये घेतले, सोबत दुसऱ्या गटातल्या त्रिएस्तिनालाही, आणि श्रेणी अठरा संघांची झाली.

मधली फळी : अशा समावेशाला पुढे इटालियनमध्ये ‘रिपेस्काज्जो’ हा शब्द रुळला, पात्रता हुकलेल्या किंवा घसरलेल्या संघाला निर्णयाने परत वर घेणे. ‘बढती’ म्हणू नका, बढती मैदानावर कमावलेली असते. ‘फेरसमावेश’ चालेल. १९२९-३०च्या सेरिये बीमधून काझाले आणि लेन्यानो वर गेले, ती खरी बढती. काझाले हा १९१४चा राष्ट्रीय विजेता, त्यामुळे त्या पहिल्याच हंगामात दुसऱ्या स्तरावर तो दिसणे चूक समजू नये.

अनुलेखक : ‘क्वोत्सियेन्ते रेती’ म्हणजे गोलफरकच ना?

गोलपोस्ट : नाही. तो भागाकार आहे, केलेले गोल भागिले स्वीकारलेले गोल, म्हणजे ‘गोल-गुणोत्तर’. समान गुणांच्या संघांचा क्रम त्यावर लावतात. नमुना म्हणून, एका संघाचे गोल ६०-३०, दुसऱ्याचे ४४-२०. फरकाने पहिला वर येतो, ३० विरुद्ध २४. गुणोत्तराने दुसरा, २.२० विरुद्ध २.००. म्हणजे कमी गोल खाणाऱ्याला फायदा. तिशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी हा निकष दिसू लागतो, त्याआधी समान गुणांवर बहुधा निर्णायक सामनाच. गोलफरक लावून त्या काळचा तक्ता पुन्हा रचाल, तर क्रम उलटेल.

शब्दकोडे : संघांच्या नावांबद्दल एक. १९२९-३०च्या सेरिये बीमध्ये फियुमाना आहे. तो फियुमे शहराचा संघ, आजचे क्रोएशियातले रियेका. त्याच तक्त्यातला ला दोमिनान्ते हा जेनोव्हाचा, आंद्रेआ दोरिया आणि साम्पिएर्दारेनेझे यांचे १९२७मध्ये विलीनीकरण करून केलेला. नावे त्या हंगामातलीच ठेवा. आंब्रोझियानाला (इंतेर मिलानचे तेव्हाचे नाव) इंतेर किंवा फियुमानाला रियेका करू नका. आजचे नाव तळटीपेत, पहिल्या उल्लेखाला एकदाच द्या.

अनुलेखक : तर ‘प्रीमा दिविझिओने, तिसरा स्तर’, ‘परतीची साखळी’, ‘विश्रांती’, ‘बहाल निकाल’, ‘निर्णायक सामना’, ‘फेरसमावेश’, ‘गोल-गुणोत्तर’ हे घेते. गुणकपातीसाठी वेगळा रकाना करते, म्हणजे ताळा तिथल्या तिथे दिसेल.

गोलपोस्ट : रकाना गुणांच्या लगेच डावीकडे ठेवा, आणि कापलेला आकडा उणे चिन्हासह लिहा.