मदत हवी आहे: मुलीला अमेरिकेत फेडरल प्रॉसिक्युटर व्हायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी इथेच जन्मलेली, लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. न्यूयॉर्कचे माजी यूएस ॲटर्नी प्रीत भरारा यांची भाषणं ऐकून तिनं असिस्टंट यूएस ॲटर्नी (म्हणजे केंद्र सरकारतर्फे खटले चालवणारी वकील) व्हायचं पक्कं केलंय. मुख्य यूएस ॲटर्नी राष्ट्राध्यक्ष नेमतात, सरकार बदललं की बहुधा तोही बदलतो (भरारांना २०१७ मध्ये काढलंच की!). हाताखालचे वकील मात्र सहसा टिकतात, एवढं आम्हाला कळलंय.

आता प्रश्न. आधी फेडरल न्यायाधीशांकडे क्लर्कशिप (त्यांची कायदेविषयक सहायक म्हणून काम) करावी, की दोन-तीन वर्षं मोठ्या फर्ममध्ये काढून शिक्षणाचं कर्ज उतरवावं? सरकारी पगार फर्मच्या मानाने बराच कमी, म्हणून माझा जीव फर्मकडे ओढतो. तिचा नाही.

दुसरं म्हणजे एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी. फॉर्ममध्ये परदेशातली मालमत्ता आणि नातेवाईक विचारतात म्हणे. सासऱ्यांच्या पश्चात सांगलीकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलंय. वाटा गुंठ्यांतला, पण लिहावा तर लागणारच ना? त्यानं काही अडतं का? यातून गेलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.