नऊ घरांचं जुनं .२२ रिव्हॉल्व्हर, काकांना किती द्यावेत?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. भावाचा प्रश्न आहे आणि माणूस घरचा आहे, म्हणून अवघड झालंय.

मुरारजी पेठेत वडिलांचे एक मित्र राहतात. वय ८१. मी त्यांना काकाच म्हणतो. एकेकाळी चादरीच्या वसुलीला गुलबर्गा, विजापूर, बेळगाव असे फिरायचे, सोबत रोकड असायची, म्हणून १९७१ साली त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, मॉडेल ९९९, स्पोर्ट्समन. .२२ एलआर (लाँग रायफल, बारीक काडतूस), सहा इंची नळी, काडतुसांची नऊ घरं. वरची कडी उचलली की नळी पुढे वाकते आणि मधली चांदणी नऊच्या नऊ पुंगळ्या एकदम वर ढकलते. लहानपणी काका ते रिकामं करून दाखवायचे तेव्हा आम्ही पोरं त्या चांदणीसाठीच बसायचो.

आता त्यांचा हात थरथरतो. मुलगा पुण्याला, त्याला ही वस्तू घरात नको. परवान्याचं नूतनीकरण मार्चमध्ये येतंय आणि काकांना ते करायचं नाही. माझ्याकडे शेतासाठी बारा बोअरची बंदूक आहे, दुसऱ्या हत्याराची मंजुरी आलीय, खरेदीची मुदत चालू आहे.

माझ्यापुढे तीन आकडे आहेत. एका दुकानदाराने काकांना ४०,००० सांगितले, वर "नाहीतर जमाच करावं लागेल" हेही ऐकवलं. त्याच दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेलो तर विलायती रिव्हॉल्व्हर १ लाख ६० हजारांना. आणि काकांचा हिशेब सोन्यात. १९७१ ची पावती त्यांनी जपून ठेवलीय, ९५० रुपयांची. म्हणतात, "तेव्हा मी चार तोळे सोनं दिलंय, तू बघ आता."

काकांना फसवायचं नाही, स्वतः फसायचं नाही. काय बघू?

बार्शीचा_बारा_बोअर

आधी मला सांगा, .२२ घेऊन करणार काय ओ तुम्ही? २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं. एक जागा बारा बोअरनं खाल्ली. उरलेली जागा असल्या टिकटिकीला घालवायची म्हणजे लगीनघरात जाऊन चहा पिऊन यायचं. उद्या जाड काडतुसाचं .३२ मिळालं तर हे कुणाच्या गळ्यात मारणार? घेताना लोक "विलायती, विलायती" करतात आणि विकायला निघालं की .२२ ला कुत्रं विचारत नाही. हेच तुमच्या भावातून वजा करा.

आणि ते १ लाख ६० वालं .२२ च होतं का? बघितलं का नीट?

निवृत्त_शस्त्रागार

बार्शीकरांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो तपासा. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. एच अँड आरची मूळ कंपनीही १९८६ मध्ये बंद पडली. अमेरिकेत हेच मॉडेल काहीशे डॉलरला मिळतं, पण तो भाव इथे आणता येत नाही कारण मालच आणता येत नाही. इथे आहेत तेवढेच नग फिरतात. मात्र टंचाईचा भाव .३२ ला जसा चढतो तसा .२२ ला चढत नाही.

आता वस्तू. नळीची निळाई, लाकडी मूठ, हे सगळं नंतर. .२२ मध्ये आधी सिलेंडरची घरं बघायची. या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत भरलेला असतो, म्हणून टाचणी कडेवर आपटते. घर रिकामं असताना चाप ओढला तर तीच टाचणी काडतुसाऐवजी घराच्या पोलादी कडेवर बसते आणि तिथे खड्डा पडतो. खड्ड्याचं लोखंड आत सरकतं, मग काडतूस बोटाने जाता जात नाही आणि उडालेली पुंगळी निघता निघत नाही. दुकानात आलेला प्रत्येक जण दोनदा टिकटिक करून बघतो, त्यामुळे काउंटरवर वर्षभर पडलेल्या .२२ पेक्षा काकांच्या कपाटातलं मला कधीही चालेल. पण तुम्ही मुलं चांदणी बघायला बसायचात म्हणता, तेव्हा काका चापही ओढून दाखवायचे का? आठवून बघा.

काकांच्या घरी, त्यांच्यासमोर, रिकामं आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघून मगच तपासा. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक घराच्या कडेवरून नख फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं. कडेभोवती काडतुसाचं बूड आत बसेल अशी खोबण हवी. जुन्या काही रिव्हॉल्व्हरांना ती नसते, त्यांत जोरदार काडतूस घालू नये.

मग नळी आणि सिलेंडर यांच्यातली फट. मोटारसायकलच्या मेकॅनिककडचं टॅपेट गेज मागून घ्या. ०.१० ते ०.२० मिलिमीटर असेल तर उत्तम. ०.२५ ची पट्टी सहज गेली तर बाजूने शिसं थुंकणार. वाकणाऱ्या बंदुकीत बिजागरी ढिली होते, म्हणून मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर सरळ २० हजार कमी करा. स्क्रूंची तोंडं चिघळलेली असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. टाचणी आणि स्प्रिंग इथे मिळत नाहीत, कारागिराकडून घडवून घ्यावे लागतात.

चामडी कव्हरात ठेवलंय का?

कागदवाला

वस्तूइतकाच भाव कागदाला आहे. परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर काकांसमोर अक्षरासकट ताडून बघा. एच अँड आरच्या नंबरात पुढे अक्षर असतं आणि कारकून ते हमखास गाळतो. परवानाधारकाकडून परवानाधारकाला विकताना शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काकांनी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. तुम्ही शहरात आहात, तेव्हा अर्ज पोलीस आयुक्तालयात. काकांचा परवाना चालू असतानाच हे उरका. मुदत गेली की हत्यार जमा, आणि जमा झालेल्या हत्याराला दुकानदार म्हणेल तोच भाव. त्या ४०,००० मागचं गणित हेच आहे.

जुळे_सोलापूरकर

रविवारी दुपारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

दुकानातलं १ लाख ६० वालं वेब्ली होतं, .३२. बार्शीकर, तुमच्या पाया पडतो.

नंबर अक्षरासकट जुळला. पुस्तिकेत ते अक्षर आहे, पण वर शाई सांडलीय, भिंग लावून वाचलं.

चामडी कव्हर होतंच. काकांना त्याचा अभिमान, खास शिवून घेतलेलं. पण ते शांतपणे नळी खात होतं. तोंडाजवळ निळाई गेलीय आणि कव्हराच्या शिवणीची रेघ नळीवर गंजात उमटलीय. शिवाय २०२४ मध्ये निवडणुकांमुळे दोनदा जमा करावं लागलं, मे महिन्यात लोकसभेला, नोव्हेंबरात विधानसभेला. दुसऱ्यांदा परत आलं ते मुठीच्या मागच्या पट्टीवर तांबूस ठिपके घेऊन. काका म्हणाले, "पन्नास वर्षं मी जपलं, आणि दोन महिन्यांत हे."

नळी आतून चकचकीत, समोर पांढरा कागद धरून बघितली. बिजागरी घट्ट. आमच्या पंपाशेजारच्या मेकॅनिकचं गेज नेलं होतं, ०.१५ ची पट्टी अडत अडत गेली, ०.२० ची नाही.

मग घरं. नख फिरवलं. पहिलं गुळगुळीत, दुसरं, तिसरं. चौथ्याला नख अडलं. पाचव्याला अडलं, सहाव्यालाही. बाकी तीन ठीक. लागोपाठची तीनच. काका समोर बसलेले, त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्ही पोरं 'परत, परत' म्हणायचात. मी तीनदा ओढायचो, मग तुझा बाप ओरडायचा." म्हणजे ज्या खड्ड्यांचे मी पैसे कापणार होतो ते माझ्याच हट्टाचे.

तरी कापले. चौथ्या घरात काडतूस अडतं, कारागिराकडे कड परत बाहेर सारून घ्यावी लागेल. मी असा हिशेब मांडला: दुकानदाराने हे बाहेर लाख-सव्वालाखाला लावलं असतं, माझ्या अंदाजाने. त्यातून त्याचा नफा काढला, घरांचं काम, गंज आणि .२२ ला गिऱ्हाईक नसण्याचं बार्शीकरांचं कलम काढलं. ७५,००० येत होते. मी ८० म्हणालो. काका सोन्यावर अडले. काकू आतून म्हणाल्या, "अहो, सोनं घेतलं असतं तर वसुलीला काय दागिने दाखवले असते का?" ९०,००० ला ठरलं. जास्तीचे दहा हजार त्या 'परत, परत'चे धरा. चेकने देणार, पावती दोघांच्या सहीची.

काकांनी मनात हिशेब केलाच. "तोळाभराचेसुद्धा नाही आले रे."

सोमवारी दोन्हीकडे पत्रं देऊन पोच घेतली. ४५ दिवस ते काकांकडेच राहील, त्यांच्याच कुलपात. कव्हरातून काढून तेल लावलेल्या सुती कापडात ठेवलंय. .२२ चा पितळी ब्रश सोलापुरात कुठे मिळेल?

निवृत्त_शस्त्रागार

९० ठीक आहे. मी ८५ ला थांबलो असतो, पण मी पोरगा म्हणून तिथे बसलो नव्हतो. कड सारून घेताना कारागिराला कानस लावू देऊ नका. लोखंड गेलं की घर सैल झालं, मग काडतुसाची कड फाटते.

बार्शीचा_बारा_बोअर

ब्रश हाय माझ्याकडं, दोन. येऊन न्या. सळई लोखंडी वापरू नका, पितळेची घ्या, आणि तोंडाकडून न घालता वाकवून मागनं घाला. वाकतंय ना ते, मग फायदा घ्या की ओ.